शस्त्र परवाना : गरज, पात्रता आणि जबाबदारी

पावसाळा सरत आला असताना कोकणातील एका तालुक्याच्या गावी शासकीय योजनांचे प्रदर्शन भरले होते. माहिती कक्षात बसलो असता साठीच्या घरातील एक शेतकरी बराच वेळ घुटमळत उभे असलेले दिसले. गर्दी ओसरल्यावर ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, घरात ठासणीची बंदूक आहे. वडिलांची. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. परवाना त्यांच्याच नावावर. आता ती ठाण्यात नेऊन दिली तर मला धरतील का? आणि दिली तर रानडुकरं भाताची एक लोंबी तरी शिल्लक ठेवतील का?"

त्या गृहस्थांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नसावा. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते गेली पाच वर्षे विनापरवाना शस्त्र बाळगत होते, आणि हा अपराध कारावासास पात्र आहे. त्यांच्या दोन प्रश्नांत शस्त्र परवान्याचा सारा विषय सामावलेला आहे. शस्त्राची गरज कोणाला, ते कोणाला मिळावे, कोणास नाकारावे, आणि हाती आलेल्या शस्त्राची जबाबदारी कोठपर्यंत पोहोचते? हे प्रश्न आपल्या देशात सुमारे दीडशे वर्षे चर्चिले जात आहेत. या काळात परवाने देण्याचे व नाकारण्याचे धोरण कसे पालटत गेले याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

परकीय सत्तेचा वारसा

१८५७ च्या उठावानंतर जनतेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण इंग्रज सरकारने आखले. १८६० मध्ये त्यासाठी एक कायदा झाला आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये 'इंडियन आर्म्स ॲक्ट' हा अधिक कडक कायदा संमत करण्यात आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग नव्हे. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. परवाना मिळणे वा न मिळणे हे व्यक्तीच्या वर्तनावर नव्हे, तर तिच्या वंशावर आणि सरकारदरबारी असलेल्या तिच्या वजनावर ठरत असे.

हा अपमान सुशिक्षितांच्या मनात सलत राहिला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल करण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास, नियमांतील उघड वंशभेद दूर करण्यात आला, परंतु परवाना देण्या न देण्याचा सर्वाधिकार सरकारकडेच राहिला. अहिंसेचे पुजारी असलेल्या महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने देण्यात यावेत व त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, अशीही एक मागणी होती. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश करण्यात आला होता.

घटना समितीतील चर्चा

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना तयार होत असताना हा विषय पुन्हा उपस्थित होणे स्वाभाविक होते. डिसेंबर १९४८ मध्ये श्री. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा मूलभूत हक्कांत समावेश करावा, अशी सूचना घटना समितीत मांडली. कराची ठरावाचे स्मरण करून देणारी ही सूचना होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. असा हक्क सर्वांना सरसकट दिल्यास तो गुन्हेगारी प्रवृत्तीच्या माणसासही द्यावा लागेल आणि मग राज्याला त्यास अटकाव करता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सूचना नामंजूर झाली.

या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख तेथील घटनेतच आहे. आपल्याकडे तो नाही. आपल्या घटनेने 'शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके' हा विषय संघसूचीत घातला. म्हणजे कायदा संसदेने करावयाचा आणि त्याची अंमलबजावणी मुख्यतः राज्यांच्या यंत्रणेने करावयाची, अशी रचना झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, त्या वेळीही अमेरिकेतील व आपल्या घटनेतील हा भेद न्यायालयाने निदर्शनास आणला होता.

१९५९ चा अधिनियम

जुना परकीय कायदा रद्द करून संसदेने शस्त्र अधिनियम, १९५९ संमत केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. नव्या कायद्याची भूमिका निराळी होती. नागरिकाकडे संशयाने पाहावयाचे नाही, परंतु ज्याचे पूर्ववर्तन त्यास अपात्र ठरविते त्याच्या हाती शस्त्रही जाऊ द्यावयाचे नाही, असा हा मध्यम मार्ग होता.

अधिनियमाच्या कलम १३ मध्ये परवाना देण्याची व कलम १४ मध्ये तो नाकारण्याची तरतूद आहे. संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान २० इंच लांबीची गुळगुळीत नळी असलेली बंदूक, किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाकडे कायदा तुलनेने उदारपणे पाहतो. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल आदी अन्य शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण आहे अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. हे प्राधिकारी म्हणजे सामान्यतः जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त होत. प्रतिबंधित वर्गातील शस्त्रांचे परवाने केवळ केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात.

काही समाजांना व प्रदेशांना परंपरेच्या आधारे सूटही आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला व तेथील जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमदानीपासून परवान्याच्या अटीतून सूट आहे. ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली.

उदारतेकडून नियंत्रणाकडे

१९६२ नंतरच्या पहिल्या वीस वर्षांत कायद्याचा कल सैल होता. एका व्यक्तीने किती शस्त्रे बाळगावीत यास मर्यादा नव्हती आणि वयाची अटही केवळ १६ वर्षांची होती. शिकार हे परवाना मागण्याचे एक प्रतिष्ठित कारण मानले जाई.

तीन गोष्टींनी ही परिस्थिती पालटली. पहिली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. त्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर छंद म्हणून शिकार करणे जवळजवळ पूर्णतः बंद झाले. शिकारीसाठी बंदूक हे कारणच त्यामुळे निकालात निघाले. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक करण्यात आली. मेळघाट, ताडोबा, कोयना, राधानगरी यांच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी ही तरतूद ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐंशीच्या दशकातील अशांतता. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे अशी मर्यादा घातली आणि किमान वय २१ वर्षे केले. १९८५ व १९८८ मध्ये शिक्षा वाढविण्यात आल्या. १९८८ च्या दुरुस्तीतील प्रतिबंधित शस्त्राने मृत्यू घडल्यास अनिवार्य देहदंडाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. याच दशकाच्या मध्यास परदेशी शस्त्रांची व्यापारी आयातही बंद करण्यात आली. नेमबाजीच्या खेळाडूंना मात्र स्वतंत्र सवलत राहिली.

तिसरी गोष्ट नोंदींसंबंधीची. परवान्यांच्या नोंदी जिल्हानिहाय वह्यांत विखुरलेल्या होत्या. एकाच व्यक्तीने दोन जिल्ह्यांतून परवाने मिळविले तर ते कळण्यास मार्ग नव्हता. ३१ मार्च २०१० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने पोलीस पडताळणीवाचून परवाना देऊ नये असे बजावले. त्यानंतर शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय माहितीकोश उभारण्यात आला आणि प्रत्येक परवानाधारकास एक विशिष्ट ओळख क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. हा क्रमांक नसलेला परवाना अवैध ठरतो. त्यासाठी दिलेली मुदत अनेकदा वाढवावी लागली, यावरूनच जुन्या नोंदींचा पसारा किती मोठा होता याची कल्पना यावी.

१९६२ च्या नियमांची जागा शस्त्र नियम, २०१६ ने घेतली. त्यांत शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याविषयीचे हमीपत्र आणि अर्जावर कालमर्यादेत निर्णय या बाबींवर भर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तिसरे शस्त्र जमा करण्यास एक वर्षाची मुदत दिली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. थोडक्यात, परवानाधारकावरील नूतनीकरणाचा त्रास कमी करावयाचा, परंतु त्याच्या हातातील शस्त्रांची संख्या घटवावयाची, असे हे धोरण आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात ३३,६९,४४४ शस्त्र परवाने चालू होते. त्यांपैकी उत्तर प्रदेशात १२,७७,९१४, जम्मू व काश्मीरमध्ये ३,६९,१९१ आणि पंजाबात ३,५९,३४९ होते. महाराष्ट्रातील संख्या ८४,०५० आणि तामिळनाडूतील २२,५३२ होती.

नुसत्या संख्येपेक्षा लोकसंख्येशी तिचे प्रमाण पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या धरल्यास देशात सरासरीने सुमारे ३६० माणसांमागे एक परवाना पडतो. जम्मू व काश्मीरमध्ये हे प्रमाण ३४ माणसांमागे एक, पंजाबात ७७ मागे एक, उत्तर प्रदेशात १५६ मागे एक, महाराष्ट्रात सुमारे १,३४० मागे एक आणि तामिळनाडूत सुमारे ३,२०० मागे एक असे येते. वर उल्लेखिलेल्या उत्तरेकडील तीन राज्यांत देशाची सुमारे एक-पंचमांश लोकसंख्या राहत होती, परंतु देशातील जवळजवळ तीन-पंचमांश परवाने तेथे होते. महाराष्ट्रात लोकसंख्येचे सव्वानऊ टक्के आणि परवान्यांचे केवळ अडीच टक्के आहेत.

कायदा एकच असता हा फरक कशामुळे? एक कारण सुरक्षिततेचे. सीमावर्ती प्रदेश, दहशतवादाचा अनुभव, चंबळ खोऱ्यातील दरोडेखोरीचा इतिहास यांमुळे तेथे शस्त्राची गरज अधिक भासली. दुसरे कारण सामाजिक आहे. अनेक भागांत खांद्यावरची बंदूक ही घराण्याच्या पतीची खूण समजली जाते. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात २००८ मध्ये पुरुष नसबंदीस उत्तेजन म्हणून बंदुकीचा परवाना देण्यात प्राधान्य देण्याची योजना प्रशासनाने काढली होती. हेतू चांगला असला तरी त्यातून परवाना हे बक्षीस आहे असा समज दृढ होतो. कायद्याला मात्र दोनच कसोट्या ठाऊक आहेत : गरज आणि पात्रता.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे. जम्मू व काश्मीरमधील मोठ्या संख्येमागील काही रहस्य पुढे तपासात उघड झाले. २०१२ ते २०१६ या काळात तेथून सुमारे २ लाख ७८ हजार परवाने अपात्र व परराज्यातील व्यक्तींना देण्यात आले असावेत, असा आरोप असलेल्या प्रकरणाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतला. एका राज्यातील सैल तपासणीने साऱ्या देशाची सुरक्षितता कशी धोक्यात येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अलीकडे काही राज्यांनी उलट दिशेनेही पावले टाकली आहेत. उत्तर प्रदेशात काही वर्षे नवे परवाने देणे स्थगित होते, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. पंजाब शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व परवान्यांचा फेरआढावा घेण्याचे व शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनास बंदी घालण्याचे आदेश दिले. मार्च २०२३ मध्ये तेथे ८१३ परवाने रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले.

परवान्यांच्या आकड्यांपलीकडे आणखी एक मोठे क्षेत्र आहे. जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख अग्निशस्त्रे असावीत. प्रत्येक परवानाधारकाने तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे तीन शस्त्रे घेतली असे मानले तरी परवान्यावरील शस्त्रांची संख्या एक कोटीच्या आसपासच थांबते. म्हणजे हा अंदाज ग्राह्य धरल्यास बहुतांश शस्त्रे परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांत गावठी कट्टे आहेत, तसेच वारसाने आलेल्या व नोंद न झालेल्या बंदुकाही आहेत. वाचकांना येथे त्या कोकणातील शेतकऱ्याची आठवण होईल.

नकार : कारण हवे, लहर नको

परवाना नाकारणे हा प्राधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कलम १४ ने नकाराची कारणे निश्चित केली आहेत. अर्जदार कायद्याने शस्त्र बाळगण्यास अपात्र असेल, तो मनोविकल असेल, अन्य कारणाने अयोग्य असेल, अथवा सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसाठी नकार आवश्यक वाटत असेल, तर परवाना नाकारावयाचा असतो. २१ वर्षांखालील व्यक्ती, तसेच हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल शिक्षा झालेली व्यक्ती विहित काळापर्यंत अपात्र ठरते.

याच कलमात आणखी दोन तरतुदी आहेत, आणि त्या गावातील सामान्य माणसाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. सातबाऱ्यावर किती एकर जमीन आहे यावर जिवाच्या धोक्याचे मोजमाप होत नसते. दुसरे, नकाराची कारणे लेखी नोंदविणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि अर्जदाराने मागणी केल्यास, लोकहिताला बाधक नसेल तर, त्यांचा गोषवारा त्यास द्यावा लागतो. त्या आदेशाविरुद्ध विहित मुदतीत अपील करता येते. आदेश स्वतः शासनाचा असल्यास मात्र कायद्यात अपिलाची तरतूद नाही.

अधिकारी बंधूंनीही याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी. 'गरज दिसून येत नाही' एवढ्या एका ओळीचा अहवाल जेव्हा पोलीस ठाण्यातून जातो, तेव्हा अर्जदारास काहीच बोध होत नाही आणि अपिलात तो आदेश टिकणेही कठीण जाते. अर्जदाराच्या घराचे वस्तीपासूनचे अंतर, पूर्वीच्या तक्रारी, गावातील तंटे, घरातील वातावरण यांची प्रत्यक्ष चौकशी करून लिहिलेला अहवाल प्रशासनाला आणि नागरिकालाही न्याय देतो. नियमांनी पोलीस अहवालासाठी ३० दिवसांची आणि तो आल्यावर निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत ठरविली आहे. अर्ज वर्षानुवर्षे पडून राहणे हाही एक प्रकारचा नकारच होय. फरक इतकाच की त्याविरुद्ध अपील करावयास हाती आदेशही नसतो.

परवाना मिळाला म्हणजे तो कायमचा, असेही नाही. अटींचा भंग, खोटी माहिती देऊन घेतलेला परवाना किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची निकड अशा कारणांवरून कलम १७ अन्वये तो निलंबित वा रद्द करता येतो. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यातील छाननी समिती परवानाधारकांचा आढावा घेते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले किंवा पूर्वी दंगलीत गुंतलेले अशा व्यक्तींची शस्त्रे त्या काळापुरती जमा करून घेतली जातात.

पीक संरक्षण आणि बंदूक

कोकण, घाटमाथा व विदर्भातील जंगलालगतच्या गावांत परवान्याच्या अर्जाचे प्रमुख कारण रानडुकरांचा उपद्रव हे असते. हे कारण कायद्याला मान्य आहे. तथापि एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. बंदूक बाळगण्याची अनुमती शस्त्र अधिनियमाखाली मिळते, तर उपद्रवी प्राण्यास मारण्याची अनुमती वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली प्राधिकृत वन अधिकाऱ्याकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते. हा भेद ठाऊक नसल्यामुळे सरळमार्गी शेतकरी एका कायद्याचे पालन करता करता दुसऱ्या कायद्याच्या कचाट्यात सापडतो. वन्य प्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास भरपाईसाठी वन विभागाकडे अर्ज करता येतो, ही माहितीही ग्रामसभेत पोहोचली पाहिजे. कित्येकदा बंदुकीपेक्षा वेळीच झालेला पंचनामा अधिक उपयोगी पडतो.

वारसाने आलेली बंदूक

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात राहिलेल्या शस्त्राविषयी गावोगाव अज्ञान आहे. शस्त्र ही घरातील भांड्याकुंड्यांसारखी आपोआप वारसाकडे जाणारी वस्तू नव्हे. परवाना व्यक्तीच्या नावे असतो आणि व्यक्तीबरोबरच संपतो. अशा वेळी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, असे कलम २१ सांगते. शस्त्र जमा केल्याने वारसाचा त्यावरील हक्क जात नाही. तो पात्र ठरल्यास परवाना मिळवून शस्त्र परत घेऊ शकतो, अथवा कायदेशीर मार्गाने विकू शकतो.

२०१६ च्या नियमांनी वारसांसाठी आणखी एक सोय केली आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच त्याने नामनिर्देशित केलेल्या कायदेशीर वारसास परवान्यासाठी अर्ज करता येतो. वृद्ध परवानाधारकांना ही माहिती दिली तर पुढच्या पिढीवरील संकट टळेल.

एक इशाराही द्यावासा वाटतो. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस देशाच्या काही भागांत निरपराधांच्या जिवावर बेतली आहे. हवेत झाडलेली गोळी शेवटी खालीच येते. २०१९ च्या दुरुस्तीने, इतरांच्या जीविताला धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात केलेला गोळीबार हा स्वतंत्र अपराध ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शस्त्रास परवाना असला तरी यातून सुटका नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

परवाना देणे वा नाकारणे हे ग्रामपंचायतीचे काम नव्हे. तथापि बरेच काही तिच्या हाती आहे. गावात कोणाकडे जुनी बंदूक पडून आहे हे पोलीस पाटलांना व सदस्यांना बहुधा माहीत असते. मृत्यूची नोंद घेताना, दिवंगत व्यक्तीच्या नावे शस्त्र परवाना होता काय, एवढा एक प्रश्न विचारला तरी कितीतरी शस्त्रे वेळीच नोंदीत येतील. शिक्षकांनी नेमबाजीचा खेळ आणि शस्त्राचे खूळ यांतील अंतर विद्यार्थ्यांना समजावून सांगावे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, त्यामागे वर्षानुवर्षांची शिस्त होती. मोबाइलवर कट्टा हाती घेऊन काढलेले छायाचित्र झळकविणाऱ्या तरुणाकडे त्या शिस्तीचा लवलेश नसतो आणि पुष्कळदा त्या एका छायाचित्रामुळेच तो कोठडीत जातो.

परवाना देण्याचा इतिहास पाहिला तर एक सूत्र दिसते. परक्या सत्तेने प्रजेच्या भीतीपोटी शस्त्रे हिरावून घेतली. स्वतंत्र भारताने नागरिकावर विश्वास टाकला, पण तो विश्वास डोळस ठेवला. १९५९ पासून २०१९ पर्यंतच्या दुरुस्त्यांनी शस्त्रांची संख्या कमी करीत आणली आणि नोंदी अधिक काटेकोर केल्या. हा डोळसपणा दिल्लीतील माहितीकोशाने अर्धाच साधतो. उरलेला अर्धा गावातील माणसांनी साधावयाचा आहे.

त्या शेतकऱ्यास मी सांगितले, "काका, उशीर झाला हे खरे. पण स्वतः होऊन ठाण्यात आणून देणे आणि झडतीत सापडणे यांत फार अंतर आहे. परवान्याविना शस्त्र बाळगल्याबद्दल खटला भरावयाचा तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि तुम्ही ते कसे व केव्हा जमा केले हे ते पाहतीलच. जुना परवाना, वडिलांचा मृत्यू दाखला आणि सरपंचांना बरोबर घेऊन जा. पावती मात्र जपून ठेवा." त्यांनी ते सारे एका कागदावर लिहवून घेतले. महिन्याभराने तालुक्याहून निरोप आला की बंदूक जमा झाली, वारस म्हणून परवान्याचा अर्जही गेला आणि भाताच्या नुकसानीचा पंचनामा झाला. अर्जाचा निर्णय यथावकाश होईल. तोपर्यंत निदान घराच्या आढ्याला टांगलेली ती बंदूक त्यांच्या झोपेआड येत नाही.